आधी सिरीजमध्ये

आप्पांच्या हातून दुरुस्त झालेली कुठलीही वस्तू पहिल्यांदा थेट लाइटवर लागत नाही. इस्त्री असो, मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर गणपतीपुढची माळ असो. स्क्रू आवळून झाले, फडक्यानं पुसून झालं, गिऱ्हाईक खिशात हात घालून सुट्टे पैसे चाचपतंय, तरी आप्पा पिन हातात धरून म्हणणार, "थांबा. आधी सिरीजमध्ये."

सिरीज म्हणजे त्यांचा बोर्ड. हातभर लांब, वीतभर रुंद सागवानी फळी. आपल्या माहेरून आलेल्या कपाटाचा खण काढून ही फळी केली, असं काकू सांगतात. आप्पा तो विषय वाढवत नाहीत. फळीच्या डाव्या अंगाला पितळी होल्डर, त्यात १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, मधे काळं बटण आणि उजवीकडे तीन पिनांचं सॉकेट. सॉकेटचा एक कोपरा उडालेला आहे. खालून पाहिलं तर वायरिंग शाळकरी पोरानं केल्यासारखं. फेज बटणातून बल्बमध्ये शिरते, बल्बातून निघून सॉकेटात जाते, बस्स. म्हणजे सॉकेटात तुम्ही जे काही खोचाल त्याच्या वाटेत हा बल्ब आडवा बसलेला.

आता गंमत अशी, की या बोर्डाची भाषा उलटी आहे. वस्तू लावली आणि बल्ब लख्ख पेटला, की गिऱ्हाईक खूश होऊन म्हणतं, "लागली बघा!" आणि आप्पा म्हणतात, "गेली." कारण बल्ब पूर्ण पेटला याचा अर्थ पलीकडच्या वस्तूनं करंटला काहीच अडवलं नाही, आत कुठंतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, शॉट आहे. बल्ब मुळीच पेटला नाही, तर तार तुटलीय. आणि तो मधल्यामधे, मारून मुटकून उठवलेल्या पोरासारखा अर्धवट पेटला, तर वस्तू ठणठणीत.

हे झालं ढोबळ. खरी कारागिरी पुढं आहे. १००० वॅटची इस्त्री बोर्डावर लावली तर बल्ब जवळजवळ पूर्णच पेटतो, कारण इस्त्रीच्या कॉइलचा रेझिस्टन्स जेमतेम ५३ ओहम आणि पेटलेल्या बल्बाचा ५०० च्या वर. मग शॉट इस्त्री आणि चांगली इस्त्री ओळखायची कशी? आप्पा मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "जरा पिवळा हाय. चांगली हाय इस्त्री." मी वीस वर्षं तो पिवळा शोधतोय. मला दोन्ही बल्ब सारखेच दिसतात. टीव्ही लावला तर बल्ब आधी भपकन पेटतो आणि क्षणात मंद होतो. आप्पांना हे फार आवडतं. "बघा, आधी भडकला, मग समजूत पटली."

कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या वाटेतून परतणारीही असतात. आप्पा त्यांच्या जातकुळीतले वाटतात, पण तसे नाहीत. ती माणसं घाबरट असतात. आप्पांना भीती कशाचीच वाटत नाही. चालू लाइनीवर टेप गुंडाळताना ते काकूंना भाजी कुठली करायची ते सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की अनोळखी वस्तूची आणि लाइटीची पहिली भेट एकांतात होऊ द्यायची नाही. मधे कुणीतरी वडीलधारं बसलेलं पाहिजे.

साखर कारखान्यात वायरमन म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर सांगलीत आमच्या गल्लीत स्वतःच्याच घराच्या सोप्यात त्यांनी टेबल टाकलं. पाटी नाही. गल्ली त्यांना सिरीजआप्पा म्हणते, तोंडावर आप्पा.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो पोटापाण्यापायी. मी शाळेत मराठी शिकवतो. विज्ञानाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी नववीचा तास माझ्या गळ्यात टाकला. भाषा शिकवणाऱ्याला काहीही शिकवता येतं, असा त्यांचा समज आहे. धडा निघाला 'धाराविद्युत'. मी रात्री पुस्तक उघडून बसलो. विभवांतर या शब्दाचा समास मला सोडवता येत होता. विभवांतर म्हणजे काय ते येत नव्हतं. रोध, रोधकता, एकसर जोडणी, समांतर जोडणी. शब्द सगळे देखणे, पण ओळखीचा एकही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांच्या सोप्यात जाऊन बसलो.

"आप्पा, रोध म्हणजे काय हो?"

"विरोध?"

"नाही, रोध. तारेचा असतो तो."

"रेझिस्टन्स व्हय! मग तसं म्हणा की मास्तर. मला वाटलं शाळंत कुणी संप केला."

मी पुस्तकातलं वाचलेलं सांगू लागलो. समजा, उंचावर पाण्याची टाकी आहे, तिला नळी लावलीय, नळी अरुंद असली की पाणी कमी येतं. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, पाण्याचा प्रवाह म्हणजे करंट, नळीची अडचण म्हणजे...

आप्पांनी हात वर केला. "पाण्याचं उदाहरण सांगलीत द्यायचं न्हाई."

ते बरोबरच होतं. ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरून तेव्हा चार महिनेसुद्धा झाले नव्हते. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि आमच्या गल्लीत पुरुषभर पाणी होतं. बोट आली तेव्हा बोटीतल्या जवानानं सांगितलं, अगदी गरजेचं तेवढंच घ्या. कुणी दागिन्यांचा डबा घेतला, कुणी सात-बारा. आप्पा मेणकापडात गुंडाळलेला सिरीज बोर्ड काखेत मारून जिन्यावरून उतरले. जवान म्हणाला, ये क्या है? आप्पा म्हणाले, "जरुरी है." बल्ब मात्र बोर्डात नव्हता, धक्क्यानं तार तुटेल म्हणून तो काढून त्यांनी काकूंकडं दिला होता. त्या बोटीत काकू पदराच्या ओंजळीत १०० वॅटचा बल्ब, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा धरून बसलेल्या मी पाहिल्यात. त्यांची स्वतःची पेटी वरच राहिली. तो विषयही आप्पा वाढवत नाहीत.

पाणी उतरलं, गाळ उपसला आणि मग गल्लीभर मिक्सरांची रांग लागली. मिक्सर, पंखे, मोटारी, गिरणीची मोठी मोटर, फ्रीज. सगळ्यांना एकच वास. आप्पांनी आधी प्रत्येकातला गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन काढला. हे बघून लोक हादरले. पाण्यानं बिघडलेल्या वस्तूला पुन्हा पाणी? "पाण्यानं न्हवं, घाणीनं बिघडतंय. चांगलं पाणी वाळून जातं, चिखल बसून ऱ्हातो," आप्पा म्हणाले. मग पाच-पाच दिवस ऊन. ऑगस्टात ऊन कुठलं, म्हणून पत्र्याच्या पिंपात २०० वॅटचा बल्ब सोडून त्यात रात्रभर मोटारी शेकल्या. आणि मग मेगर.

मेगर ही चीज त्यांनी कारखान्याच्या भंगारातून उचललेली. पेटीसारखी पेटी, बाजूला दांडा. दांडा गरागरा फिरवला की आत ५०० व्होल्ट तयार होतात आणि काटा सांगतो, की तारेवरचं आवरण करंटला किती अडवतंय. इथं रेझिस्टन्स ओहममध्ये नाही, मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाखांत मोजायचा. काटा एक मेगओहमच्या खाली लोळला तर आप्पा मोटर पुन्हा पिंपात ठेवायचे.

"बल्बावर का नाही बघत?" मी विचारलं होतं.

"बल्ब नुसता लाल व्हायला जेवढा करंट लागतो ना, त्येच्या आतच माणूस जातो. बल्ब पेटला न्हाई म्हंजे करंट येत न्हाई, असं समजायचं न्हाई. बल्ब दांडगा हाय. माणूस न्हाई."

हे ऐकल्यापासून मी ओल्या हातानं बटण लावणं सोडलं. कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स पुष्कळ असतो, ओली झाली की तो पार हजारभर ओहमवर येतो, हे नंतर पुस्तकात सापडलं. पण आप्पांचा दांडगा बल्ब जास्त लक्षात राहिला.

रांगेतल्या लोकांना एवढा धीर कुठला. लाइट आठ दिवसांनी आलेली, घरात चटणी वाटायची खोळंबलेली. रोज कुणीतरी म्हणायचं, "आप्पा, लावा की डायरेक्ट, जे व्हायचं ते होईल." आप्पा एकच उत्तर द्यायचे. "पाणी डायरेक्टच आलं हुतं न्हवं?" एका गृहस्थांनी कंटाळून आपला मिक्सर उचलून नेला आणि घरी डायरेक्ट लावला. फाट्‌ असा आवाज आला आणि त्यांच्या माडीवरचे तिन्ही भाडेकरू अंधारात बसले. आप्पा टॉर्च घेऊन गेले. फ्यूज उघडला तर आत फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार, दुहेरी पीळ दिलेली. म्हणून फ्यूज शाबूत आणि मेन स्विचच्या आत काळंठिक्कर. मिक्सरबद्दल आप्पा एक शब्द बोलले नाहीत. तांब्याच्या तारेबद्दल मात्र अर्धा तास बोलले. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला नाजूक माणूस, त्यानं वेळेवर चक्कर येऊन पडायचं असतं, तिथं तुम्ही पैलवान उभा केला तर घर जळेपर्यंत तो उभाच राहणार, असा एकंदर सूर.

तर पाण्याचं उदाहरण बाद झालं. आप्पांनी त्याऐवजी उसाच्या गाड्या काढल्या. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते. काटा एक असला की गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. एकामागे एक दोन काटे ठेवले, म्हणजे प्रत्येक गाडीनं दोन्ही काट्यांवर चढायचं, तर अडवणूक दुप्पट. ही सिरीज. पुस्तकातली एकसर जोडणी. तेच दोन काटे शेजारी-शेजारी ठेवले तर अर्ध्या गाड्या इकडून, अर्ध्या तिकडून, रांग झपाट्यानं हलते. ही पॅरलल.

"म्हणजे काटा वाढवून अडवणूक कमी झाली?" मला हे पुस्तकात तीनदा वाचून पटलं नव्हतं. रोध समांतर जोडले की एकूण रोध घटतो म्हणे.

"वाटा वाढल्या न्हवं? घरातलं सगळं पॅरललच असतंय. म्हणून तर एकेक वस्तू लावत गेलं की मीटर पळतो. सिरीजमध्ये असतं तर संडासातला बल्ब गेला की फ्रीज बंद."

एवढ्या जोरावर मी दोन तास निभावले. तिसऱ्या दिवशी मात्र गणितानं अडवलं. १०० वॅट, २३० व्होल्ट, तर बल्बाचा रोध किती? २३० चा वर्ग भागिले १००, उत्तर ५२९ ओहम. मुलांना हे फळ्यावर मांडून दिलं आणि संध्याकाळी मोठ्या ऐटीत आप्पांचा मल्टिमीटर घेऊन बल्बाच्या दोन टोकांना लावला. काटा ४० च्या आसपास. पुन्हा लावला. पुन्हा ४०.

"आप्पा, मीटर गेलाय."

"मीटर कशाला जाईल? बल्ब थंड हाय."

"पण ओहमचा नियम..."

"मास्तर, तुम्ही सकाळी चहा घेताना जसं असता, तसंच पेपर तपासताना असता का?"

तारेचा बल्ब पेटला की आतली तार दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तिचा रेझिस्टन्स थंड असतानाच्या दहा-बारापटीनं वाढतो. म्हणजे माझं उत्तर बरोबर आणि मीटरचंही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी थंड तारेतून भसकन करंट जातो, म्हणून जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जायचे. मी घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं. ओहमच्या नियमात एक छोटीशी अट आहे, वाहकाची भौतिक अवस्था कायम असली पाहिजे अशी. मुलं पाठ करताना नेमकी तीच गाळतात, आणि मीही गाळली होती. मी मराठीचा मास्तर, 'असता-नसता'च्या वाक्यांवर मार्क कापणारा. लाज वाटली.

आणि तेव्हा कुठं तो बोर्ड मला कळला. चांगली वस्तू लावली की बल्बातून करंट थोडा, बल्ब थंडसर, त्याची आडकाठी कमी. वस्तू सुखानं चालते. शॉट वस्तू लावली की बल्ब तापतो, तापला की जास्त अडवतो, आणि सगळा मार स्वतःवर घेऊन उजेड पाडतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. टंगस्टनचा स्वभाव.

या बल्बांचीच आता पंचाईत आहे. सगळीकडं एलईडी आले आणि एलईडी सिरीजला चालत नाही. तो एक तर लुकलुकतो, नाहीतर रुसून बसतो. आप्पांनी वेळीच दुकानं पालथी घालून १०० वॅटचे बल्ब गोळा केले. काकूंच्या शालूंच्या ट्रंकेत, शालूंच्या घड्यांमधे, बल्ब आहेत. किती, ते सांगत नाहीत. एकदा काकूंनी लग्नाला नेसायला शालू ओढला आणि एक बल्ब फुटला, तर आप्पा त्या लग्नात जेवले नाहीत.

लग्नावरून आठवलं. मुलीचं लग्नसुद्धा आप्पांनी सिरीजमध्येच जमवलं. बल्बाच्या जागी त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का म्हणजे १०० वॅटचं काम. स्थळ बघायला जायचं तर आक्कांना पुढं बसवायचं, आपण मागं गप्प बसायचं आणि आक्का किती पेटतात ते बघायचं, अशी रीत ठरली. पहिल्या घरी दहा मिनिटांत आक्का लालबुंद. मुलाकडच्यांनी "आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या हौसेनं काय ते करा" असं म्हणून हौसेची यादीच वाचली होती. आप्पा उठले. "शॉट हाय." दुसऱ्या घरी आक्का दोन तास शांत. पोह्यांची स्तुती केली, पडद्यांची केली. बाकीचे नातेवाईक निर्धास्त. आप्पांचा चेहरा मात्र उतरलेला. "आक्का अजिबात पेटली न्हाई. तार कुठंतरी तुटलीया." आणि होतंही तसंच. त्या घरात बाप-लेक वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. पाहुण्यांसमोर कोण काय बोलणार! तिसऱ्या घरी मुलाच्या आईनं आक्कांच्या चहाला नावं ठेवली आणि आक्का भपकन पेटल्या. आप्पा पुढं सरकून बसले. मुलाची आई हसून म्हणाली, "अहो, पण भाकरी तुमच्या हातची आठवते अजून, जत्रेत खाल्ली होती." आक्का हळूहळू मंद झाल्या. आप्पांनी तिथंच सुपारी फोडायचं ठरवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "टीव्हीसारखं घर हाय मास्तर. उत्तम."

जावई इचलकरंजीला असतो. आक्कांना अजून पत्ता नाही, की आपला उपयोग कशासाठी झाला.

धडा संपत आला तेव्हा मी आप्पांना शाळेत बोलावलं. मुलांना बोर्ड दाखवा म्हटलं. त्याच्या आदल्या रात्री मला वाटलं, आपणही आप्पांना काहीतरी द्यावं, म्हणून ज्याच्या नावानं हे ओहम मोजतात त्या माणसाची गोष्ट सांगितली. गेओर्ग झिमोन ओहम. जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा, जन्म १७८९. बाप कुलपं करायचा. ओहम कोलोनच्या शाळेत मास्तर होता, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली साधनं वापरून त्यानं तारांचे प्रयोग केले.

"मास्तर हुता?" आप्पा सरसावून बसले.

मास्तरच. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घ्यायच्या, करंट मोजायचा. पण त्या काळच्या बॅटरीचा जोर सारखा खालीवर व्हायचा, दोन मोजमापं जुळेनात. मग दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं सुचवल्यावर त्यानं बॅटरी टाकून दिली आणि दोन धातूंचा जोड वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्हींचं तापमान हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही.

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे त्येच्याकडंबी व्होल्टेजचा लफडाच की! आणि स्टॅबिलायझर कशाचा, तर बर्फाचा!" त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी काकूंना बाहेर बोलावून तो भाग मला पुन्हा सांगायला लावला.

पुढची गोष्ट सांगताना मी जरा आवरतं घेतलं. १८२७ साली ओहमनं पुस्तक छापलं, त्याच्याच देशात त्याची फारशी कदर झाली नाही, त्यानं नोकरी सोडली आणि काही वर्षं ओढगस्तीत काढली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं. म्युनिकच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला तो १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये वारला.

"लई दिवस सिरीजमध्ये ठेवला त्येला," आप्पा म्हणाले आणि पक्कड उचलून कामाला लागले.

शाळेत ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. पहिली दोन बाकं रिकामी करायला लावली, पायाखाली लाकडी पाट घेतला आणि सोबत आणलेला दुसरा होल्डर जोडून त्यांनी आपला हुकमी खेळ मांडला. या खेळावर त्यांनी आयुष्यात किती चहा जिंकलेत याची गणती नाही. एक बल्ब ४० वॅटचा, एक १०० चा. दोन्ही एकामागे एक, सिरीजमध्ये. बटण दाबल्यावर जास्त कोण पेटेल? अख्ख्या वर्गाचे हात शंभरच्या बाजूनं. दारात उभ्या मुख्याध्यापकांनीही मान शंभरकडंच डोलावली.

बटण दाबलं. चाळीसचा बऱ्यापैकी पेटला. शंभरच्याची नुसती तार लाल.

वर्गात जो गलका झाला तो मराठीच्या तासाला मी कधी ऐकला नाही. आप्पांनी तो निमू दिला. मग मी फळ्यावर आकडे मांडले: चाळीसच्या बल्बाची तार अधिक बारीक, रोध १३२२ ओहम, शंभरच्याचा ५२९. सिरीजमध्ये दोघांतून करंट एकच जातो, आणि करंट तोच असला की ज्याचा रोध जास्त तो जास्त तापतो. मग आप्पांनी तेच दोन बल्ब शेजारी-शेजारी, पॅरललमध्ये जोडले. आता व्होल्टेज दोघांना पूर्ण, करंट ज्याचा त्याचा, आणि शंभरचा रुबाबात पेटला. घरी आपण त्याला नेहमी याच जोडणीत बघतो, म्हणून तो थोरला वाटतो.

"रेझिस्टन्सला नावं ठेवू नका," आप्पा पोरांना सांगत होते. "शेगडीची कॉइल नायक्रोमची असतीया. तांब्याच्या कितीतरी पटीनं अडवती. अडवती म्हणून तापती, तापती म्हणून भात शिजतो. वायर तांब्याची, ती अडवत न्हाई, म्हणून भिंतीतनं गपगुमान जाती. सैल कनेक्शन असलं की तिथं नको असताना रेझिस्टन्स येतो, मग पिन वितळती. ज्येनं त्येनं आपापल्या जागी अडवावं."

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "आजोबा, तारेचा रोध एकदम शून्य झाला तर?"

"शॉट."

"तसं नाही. वस्तूचा नाही, तारेचाच. थोडासुद्धा नाही, अगदी शून्य."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी आदल्या रात्री ओहमच्या पुढची दोन पानंही वाचून ठेवली होती, आणि मास्तराला असा चेंडू रोज येत नाही. सांगितलं, की हॉलंडमधल्या लायडन इथं १९११ मध्ये कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञानं पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध नाहीसाच झाला. अशा पदार्थाच्या कड्यात करंट सोडला तर बॅटरी काढून घेतल्यावरही तो फिरत राहतो.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. बल्ब काढून, गार होईपर्यंत थांबून, त्यांनी तो कापसात ठेवला. घरी येताना वाटेत एकदाच म्हणाले, "तापतच न्हाई म्हंता? अजिबात?" मी म्हटलं, अजिबात. "मग त्येच्यावर भात कसा शिजवायचा?" मी म्हटलं, भातासाठी नाही ते आप्पा. त्यांना पटलं नाही. रात्री त्यांच्या सोप्यातला दिवा उशिरापर्यंत दिसत होता.

सकाळी सहाला दारावर थाप. मी डोळे चोळत कडी काढली. आप्पा उभे. न चहा, न रामराम.

"मास्तर, ती शून्यवाली तार."

"हं?"

"त्या हॉलंडवाल्यानं पहिल्यांदा लावली तेव्हा डायरेक्ट लावली नसंल न्हवं? आधी सिरीजमध्ये लावून बघितली असंल की."

मी म्हटलं, "असेल आप्पा. लावलीच असेल."

"मग हरकत न्हाई," म्हणाले, आणि जाऊन झोपले.